वाराचं ‘न्हाय’

“मंग देवाला विंग्रजी कळत न्हाय म्हणतीस काय गं?” मालुबाईनं मला विचारलं.

“कळत आसंल की,” मी म्हणाले. “पण वारात बंदी ‘व्हय’ला हाय. ‘येस’ला कुणी बंदी घातल्या? सांगा की!”

पाटलांच्या ओट्यावर बसलेली सगळी माणसं हसली. मारुतीराव पाटलांना तर ठसकाच लागला. डोळे पुसत ते म्हणाले, “भरमूआप्पा, नात न्हवं ही, वकील हाय वकील! बेळगावात शाळंला घातल्याचं पांग फेडलं बघ पोरीनं.”

मला इतका आनंद झाला की उभ्या जागी माझ्या टाचा वर उचलल्या गेल्या. आज्जा मात्र हसला नाही. तो खांबाला टेकून बसला होता. अंगात सरकारी खाकी कोट, कोटावर पितळी बिल्ला, आणि भर वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत लावलेली बटणं.

“म्हणू की,” तो म्हणाला. “येस तर येस.” आणि त्यानं जांभई दिली.

आमच्या गावात लक्ष्मीची जत्रा बारा वर्षांनी भरते. त्याआधी काही आठवडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाव ‘वार’ पाळतं. त्या दिवशी औत धरायचं नाही, जात्यावर दळायचं नाही, देवळाचं दार उघडायचं नाही. गावातलं काहीही वेशीबाहेर जाऊ द्यायचं नाही. विस्तव नाही, दूध नाही, प्यायला पाणीसुद्धा नाही. आणि परक्या माणसानं काही विचारलं, तर त्याला ‘व्हय’ म्हणायचं नाही. ‘व्हय’ म्हटलं की गावातलं काहीतरी त्याच्या हाती लागलं आणि त्याच्यासंगं निघून गेलं, असं जुनी माणसं मानतात. मागच्या जत्रेच्या वेळी मी पाळण्यात होते. यंदा पहिल्यांदाच वार बघत होते आणि मला त्याची भारी गंमत वाटत होती. शुक्रवारी एक बांगड्या विकणारा वेशीवर येऊन ओरडला, “अहो, जत्रेचं गाव हेच काय?” तर ओट्यावरचे चार म्हातारे एका सुरात म्हणाले, “न्हाय!” बिचारा पाटी उचलून पुढच्या गावाला गेला.

पण याच ‘न्हाय’नं आमचा कलमेश्वर कुलुपात गेला होता.

ते मला आज्जीनं सांगितलं. लढाईच्या आधीची गोष्ट. दोन जत्रा होऊन गेल्या त्याला. आज्जा तेव्हा तरणाताठा होता आणि गावचा गुरव होता. कलमेश्वराचं देऊळ गावाबाहेर, मार्कंडेय नदीच्या वाटेवर आहे. काळ्या दगडाचं, ठेंगणं, आणि खांबांवर अशी नक्षी की दगड आहे की लाकूड, ते हात लावल्याशिवाय कळू नये. एका मंगळवारी तिथं एक गोरा साहेब घोड्यावरून आला. वार होता. गावात चिटपाखरू बाहेर नव्हतं. देवळाच्या पायरीवर एकटा आज्जा बसला होता आणि दाराला कडी होती.

साहेबाच्या दुभाष्यानं विचारलं, “इथं पूजा होते का?”

आज्जा म्हणाला, “न्हाय.”

“दिवाबत्ती?”

“न्हाय.”

“देऊळ कुणाच्या ताब्यात आहे?”

“न्हाय.”

साहेबानं खांबांवरून हात फिरवला, मान डोलावली, आणि तो निघून गेला. आज्जाला वाटलं, झालं. वार पाळला गेला. पावसाळा संपल्यावर तारेचं कुंपण आलं, लोखंडी फाटक आलं, इंग्रजी पाटी आली. देऊळ जपण्याजोगं आहे, पण तिथं पूजा होत नाही, असं सरकारात लागलं होतं. आणि कायदा असा, की जिथं पूजा चालू आहे ती सरकार बंद करत नाही, पण जिथं बंद पडली आहे तिथं पुन्हा सुरूही करू देत नाही. मग गाव धावलं. अर्ज केले, विनवण्या केल्या, जत्रेचं सांगितलं, वाराचं सांगितलं. सरकार म्हणालं, तुमच्याच गुरवानं सांगितलंय.

पुढं तिथं पहारेकरी नेमायचा झाला. त्या देवळाशी जोडलेलं एकच नाव सरकारला ठाऊक होतं. असा आज्जाच्या अंगावर खाकी कोट चढला. ज्या देवाला तो रोज बेल वाहायचा, त्याला कुणी बेल वाहू नये म्हणून तो रोज फाटकाशी बसायला लागला.

गावानं त्याचं नाव ‘न्हायगुरव’ पाडलं. मालुबाईचा थोरला मुलगा देवीच्या आजारात तापानं फणफणला होता, तेव्हा ती नारळ घेऊन आली होती. आज्जानं तिला फाटकातून परत पाठवलं. मुलगा वाचला, पण मालुबाई ते विसरली नाही. लक्ष्मीची पालखी जत्रेदिवशी आधी कलमेश्वराकडं जाते, गुरव आत दिवा लावून गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो आणि मगच जत्रा सुरू होते, ही आमच्याकडची रीत. मागच्या जत्रेत पालखी वाजतगाजत कुंपणाशी आली. भोई शिव्या देत होते. आज्जा फाटकात दोन्ही हात पसरून उभा होता. पालखी तशीच मागं फिरली.

यंदा मारुतीराव पाटलांनी वर्षभर खेटे घालून एक साहेब गावात यायला तयार केला होता. तो स्वतः बघणार, विचारणार आणि ठरवणार. सरकारच्याच पहारेकऱ्यानं पूजा होते असं सांगितलं, तर सरकारला मानावं लागेल, असं पाटलांचं म्हणणं. फक्त साहेबानं दिवस धाडला तो मंगळवारचा. दिवस बदला म्हणून पाटलांनी निरोप पाठवला, त्याचं उत्तरच आलं नाही. वारात ‘व्हय’ म्हणता येत नाही आणि ‘न्हाय’ म्हटलं की देव कायमचा गेला, अशा कोंडीत सगळे बसलेले असताना मी ते ‘येस’ काढलं होतं. सुट्टीत गावी आले होते. शाळेत नुकतंच इंग्रजी तिसरीचं पुस्तक संपवलं होतं आणि त्यातला एकेक शब्द कुठं वापरायला मिळतो याकडं माझं लक्ष असायचं.

संध्याकाळी मी आज्जाला शिकवायला बसवलं.

“म्हण, येस सर.”

“यस्सार.”

“सर येगळं काढ. येस. सर.”

“येस्सर.”

चुलीपाशी आज्जी भाकरी थापत होती. ती म्हणाली, “जल्मात बायकूला कवा व्हय म्हणला न्हाय, आनि आता सायबाला म्हणाय शिकालाय.”

“तू गप गं,” आज्जा म्हणाला, पण त्यालाही जरा हसू आलं.

“आज्जा, लई सोपं हाय,” मी म्हणाले. “एकच शब्द. त्यो काय बी इचारू दे, तू येस म्हणायचं.”

“काय बी इचारू दे?”

“काय बी!”

आज्जानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग कोटाची बटणं एकेक करून काढत म्हणाला, “अंजे, फाटक लावल्यापासनं मी त्येला बेलाचं एक पान वाहिलं न्हाय बघ. आत जातो, झाडतो, वाघळं हाकलतो. पण हात जोडले न्हाईत.”

“का पण? तिथं कोण बघाय बसलंय?”

“कोण न्हाय. पण माझ्याच तोंडातनं गेलतं न्हवं, पूजा हुईत न्हाय म्हणून? मग निदान ते तरी खरं करायचं. न्हायतर सरकार बी फसलं आनि देव बी फसला.”

हे मला पटलं नाही. मी म्हणाले, “म्हंजे उद्या येस म्हटलं की खोटं हुणार, असं म्हणायलास काय तू?”

“मी काय म्हणत न्हाय.” त्यानं कोट खुंटीला अडकवला. “दमलो बघ मी. रोज उठायचं, तिथं जायचं, आनि लोकांच्याकडं तोंड करून देवाकडं पाठ करून बसायचं. पाठच दुखालीया आता.”

आज्जी लगेच म्हणाली, “तेल लावून चोळून देतो, झोप जा.” तो तसाच झोपला.

मंगळवारी साहेबाची मोटार शेजारच्या कंग्राळीपर्यंत आली आणि तिथून तो बैलांच्या दमणीत बसून आला. गोरा नव्हता. मद्रासकडचा, सावळा, किडकिडीत, डोक्यावर सोला हॅट. उन्हानं पार कंटाळलेला. त्याच्याबरोबर केदारी नावाचा कारकून होता, त्याला मराठी आणि कानडी दोन्ही यायचं. गावातून कुणी पाणी देणार नव्हतं, म्हणून पाटलांनी आदल्या दिवशीच कंग्राळीहून सुरई आणवून वेशीबाहेरच्या चिंचेखाली ठेवली होती. केदारी घटाघट पाणी पिऊन म्हणाला, “काय गाव हो तुमचं! शंभर हाका मारल्या, ओ म्हणून कुणी देत नाही.” पाटील नुसते हसले. त्यांनाही बोलायचं भय होतं.

वारात गावानं देवळाचं दार उघडायचं नव्हतं, म्हणून कडी केदारीनं काढली. साहेब दारात आला आणि कुणी न सांगता बूट काढून आत गेला. ते मला आवडलं. विजेची बत्ती घेऊन तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हॅटवर कोळिष्टक होतं, आणि चेहरा आधीपेक्षा जरा शांत होता. तो पायरीवर बसला. समोर आज्जा उभा. त्याच्या शेजारी मी. पलीकडं पाटील आणि चारपाच म्हातारी माणसं. मालुबाई कुंपणाबाहेर तार धरून उभी होती.

साहेब इंग्रजीत विचारी, केदारी मराठीत सांगे.

“इथं पूजा होते का?”

आज्जानं घसा खाकरला. “येस सर.”

केदारीनं चमकून वर बघितलं. साहेबही पुढं वाकला.

“पूर्वीपासून होते?”

“येस सर.”

“हे कुंपण घातल्यानंतरसुद्धा?”

“येस सर.”

पाटलांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. एका शब्दावर देव सुटणार होता, आणि तो शब्द मी दिलेला होता! साहेबानं चष्मा काढून रुमालानं पुसला. मग विचारलं, आणि केदारीनं जरा अडखळतच ते मराठीत सांगितलं.

“इथला सरकारी पहारेकरी तूच?”

“येस सर.”

“आत कुणाला पूजा करू द्यायची नाही, हा हुकूम तुला ठाऊक होता?”

“येस सर.”

पाटलांचं हसू ओठांवरच राहिलं. मलाही आत्ता कुठं कळलं की हे कुठं चाललंय. हे प्रश्न आम्ही ओट्यावर काढलेच नव्हते. ओट्यावर सगळे ‘व्हय’ आणि ‘येस’चा घोळ घालत बसले होते.

“तरीही तू ती होऊ दिलीस?”

आज्जा थांबला. एक ‘न्हाय’ म्हटला असता तर काय बिघडलं असतं? वार होता. खरंही तेच होतं. नोकरी राहिली असती, कोट राहिला असता. मी पुढं झाले आणि म्हणाले, “नो सर, माय ग्रँडफादर—”

आज्जानं माझं मनगट धरलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“येस. सर,” तो म्हणाला. ‘सर’ अगदी वेगळं काढून.

केदारीला राहवलं नाही. तो हळू आवाजात म्हणाला, “अहो बाबा, नीट कळतंय का काय विचारलंय ते? सांभाळून बोला.”

“येस सर,” आज्जा केदारीलाही म्हणाला.

साहेब उठला. देवळाकडं वळून पुन्हा एकदा बघितलं आणि पाटलांशी पुष्कळ बोलला. केदारीनं त्यातलं आम्हाला सांगितलं ते असं. पूजेची वहिवाट मोडलेली नाही, असं साहेब लिहितील. रोजच्या पूजेचं वरचे लोक ठरवतील, त्याला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. पण साहेबांच्या हातात जेवढं आहे तेवढं ते देतात. जत्रेच्या दिवशी फाटक उघडेल. एक दिवा, दिवस मावळेपर्यंत. “आणि,” केदारी म्हणाला, “हा माणूस आता पहाऱ्यावर राहणार नाही. हुकूम मोडणारा माणूस ठेवता येत नाही.”

पाटलांनी हात जोडले. ‘बरं’ म्हणावं की नाही, तेही त्यांना सुचेना.

केदारी बिल्ला काढायला पुढं झाला, पण टाचणी गंजून कापडात रुतली होती. “ऱ्हाऊ दे, मी देतो,” म्हणत आज्जानं आख्खा कोटच काढला. आतली बंडी घामानं पाठीला चिकटली होती. त्यानं कोट मांडीवर धरून नीट घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, वर फाटकाची किल्ली ठेवली आणि दोन्ही हातांनी साहेबाच्या पुढं केला. साहेबानंही तो दोन्ही हातांनी घेतला.

येताना वाटेवर मला रडू आवरेना. “आज्जा, असं इचारणार म्हणून तुला ठावं हुतं?”

“अगं, इतकी वर्सं सरकारची भाकरी खाल्ली. त्येवढं बी कळायचं न्हाय मला?”

“मग काल बोलला का न्हाईस?”

“बोललो आस्तो तर तुम्ही मला म्हणू दिलं आस्तं?” तो भराभर चालत होता. मला त्याच्याबरोबर राहायला पळावं लागत होतं. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, “तुझा शब्द बाकी चांगला हुता हं. हलका. तोंडातनं सुटून जातोय, जड न्हाय लागत.”

त्या दिवशी दुपारी तो घरी जेवला. आज्जीनं त्याची शिदोरी बांधायला फडकं हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. शेवटी त्याच फडक्यानं तिनं माझं तोंड पुसलं.

जत्रेआधी गोकाककडचा एक नवा पहारेकरी आला. त्याला कानडीशिवाय काही येत नव्हतं, पण माणूस गरीब होता. बाबा बेळगावाहून आले. ते छापखान्यात खिळे जुळवतात. पूजाअर्चा त्यांना येत नाही. आज्जानं त्यांना शिकवलीच नव्हती. देवच कुलुपात, तर शिकवून करायचं काय?

जत्रेच्या सकाळी हलगी कडाडली. भंडाऱ्यानं सगळी वाट पिवळी झाली. पालखी कुंपणाशी आली, फाटक उघडलं, आणि माणसांचा असा लोंढा आत आला की नवा पहारेकरी फाटकाला चिकटून उभा राहिला. “गुरव कुठाय? गुरवाला वाट द्या!” पाटील ओरडत होते. आज्जा नदीवर बुडी मारून ओल्या पंचानं आला. अंगानं इतका वाळलेला दिसत होता की कोटानंच त्याला इतके दिवस उभं धरलं होतं की काय, असं मला वाटलं. वातींची डबी घेऊन मी त्याच्या मागोमाग मंडपात गेले.

आत गार होतं आणि वाघळांचा वास येत होता. आज्जानं समई पुसली, तेल घातलं, वात लावली. पहिली काडी विझली. दुसरीला वात पेटली. काळ्या दगडावर उजेड चढत गेला आणि पिंडी दिसायला लागली. बाहेरची हलगी हळूहळू थांबली. आता गाऱ्हाणं. सगळं गाव दाटीनं उभं होतं. आज्जानं हात जोडले, डोळे मिटले.

तेवढ्यात मालुबाई पुढं आली. तिच्या हातात तेलाची वाटी होती. गावात लग्न होऊन आलेल्या बायका पहिल्या जत्रेला मंडपातल्या डाव्या खांबाला तेलाचा हात लावून पोराबाळांचं मागत. आपल्या दोन्ही सुनांचं राहून गेलं होतं, ते तिनं आज करायचं ठरवलं होतं. तिनं वाटीत पंजा बुडवला आणि खांबाकडं नेला, तशी वाटी दगडाला खणकन लागली.

“ओ बाई! खांबाला हात लावायचा न्हाय! लांब व्हा!”

आवाज दगडी छताला आपटून परत आला. कुणाचा आवाज, म्हणून सगळे इकडंतिकडं बघायला लागले. फाटकातला नवा पहारेकरीसुद्धा टाचा उंचावून आत बघू लागला. मी आज्जाकडं बघितलं. तो पिंडीकडं पाठ करून, लोकांकडं तोंड करून उभा होता. एक हात पुढं केलेला.

त्याला स्वतःलाच ते हळूहळू कळलं. हात खाली आला. तो पुन्हा पिंडीकडं वळला, हात जोडले आणि म्हणाला, “हे बा कलमेश्वरा…” पुढं काही येईना. पुन्हा म्हणाला, “हे बा कलमेश्वरा, म्हाराजा…” ओठ हलत राहिले. बाबांनी माझ्याकडं बघितलं, मी पाटलांकडं. पुढचे शब्द तिथं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते.

आता मालुबाई काय बोलते, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. तिचा हात खांबापासून वीतभर अंतरावर तसाच थांबला होता. तेल कोपराकडं ओघळत होतं. तिनं हात मागं घेतला. क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि मग तो आपल्याच पांढऱ्या केसांना पुसून टाकला.

“आठव सावकाश,” ती म्हणाली आणि खाली फरशीवर बसली. तिच्या मागोमाग एकेक करून सगळं गाव बसलं.